जलसंजीवनीत साखर कशासाठी?

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्ल्यांत पावसाळा लागला, की शाळेत मुलांचे खाडे वाढू लागतात. ठरावीक वेळेला येणारे पाणी पिंपात भरून ठेवायचे, नळाचा पाइप गटाराला लागूनच गेलेला. अशा वस्तीत जुलाबाचे कारण फार लांब शोधावे लागत नाही. मूल आजारी पडले, की शेजारपाजारहून दोन सल्ले मिळतात. एक, 'पाणी देऊ नका, पोट आणखी सुटेल.' दुसरा, 'मीठ-साखर-पाणी पाजा.' पहिला सल्ला जीवघेणा आहे. दुसरा बरोबर आहे. पण का, असे मुलांनी विचारले, तर आपण बहुतेक जण 'साखरेने ताकद येते' असे सांगून मोकळे होतो. ताकदीचा इथे फारसा संबंध नाही.

जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार वाहून जातात. मूल दगावते ते मुख्यतः त्यामुळे. आतडे पाणी थेट ओढून घेऊ शकत नाही. सोडियम आत शिरले, की त्यामागोमाग परासरणाने पाणी शिरते. कॉलऱ्यासारख्या आजारात सोडियम आत जाण्याची नेहमीची एक वाट अडते; पण दुसरी शाबूत राहते. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन जोडीनेच आत नेते. ग्लुकोज नसेल, तर हे दार उघडत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी या जोडवाहतुकीची कल्पना १९६० साली मांडली.

तिचा खरा कस लागला १९७१ मध्ये. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला होता आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांची पुडकी पाण्यात कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजवली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आजच्या पुडीत एका लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. अकरावीच्या मुलांना याचे मोल काढायला सांगा. ग्लुकोज ७५ मिलिमोल येते. मीठ आणि सायट्रेट यांतले सोडियम मिळूनही जवळपास तेवढेच भरते. मग घरच्या कृतीत एका लिटरला सहा सपाट छोटे चमचे, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर का? कारण साखरेच्या रेणूचे आतड्यात दोन भाग होतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्यांतला ग्लुकोजच आपल्या कामाचा.

मीठ अर्धा सपाट चमचा. इथे 'जरा जास्त घातले तर बरे' हा गृहिणीचा उदार हात आवरायला हवा. साखर वाढली, तर परासरण उलटे होते, पाणी आतड्यातच ओढले जाते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली गोड पेये याच कारणाने वाईट. मीठ वाढले, तर तान्ह्या मुलाला झटके येऊ शकतात. मुलांना घरून चमचे आणायला सांगून सपाट चमचाभर मीठ प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलून पाहा; 'एक चमचा' हे माप किती ढिले आहे ते लगेच कळेल. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आणि दुकानात पुडी मिळत असेल, तर पुडीच घ्यावी, कारण घरच्या पाण्यात पोटॅशियम नसते.

कोकणातून आलेल्या घरांत आजाऱ्याला मीठ घातलेली भाताची पेज देतात. तीही योग्यच. पिठूळ पदार्थातून ग्लुकोज हळूहळू सुटते आणि परासरणाचा ताण कमी पडतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध मात्र तोडू नये.

पाणी उकळून गार केलेले हवे. दर जुलाबानंतर घोट घोट पाजावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. शौचातून रक्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल सुस्त पडून पिईनासे झाले, तर पेला हातात घेऊन, वाटेत पाजत पाजत दवाखाना गाठावा.