पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून पोटासाठी निघाली आणि पुढे तुर्भ्याच्या दगडखाणीवर स्थिरावली. माझ्या आईच्या जन्माची नोंद कोठेही नाही. वडिलांची गत तीच. तरीही 'तू कोणत्या देशाची?' असे आईला आजवर कोणी विचारलेले नाही, कारण ती मराठी बोलते. त्याच तुर्भ्याच्या नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या बंगाली मजुराला मात्र हा प्रश्न विचारला जातो. असे का होते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. परकीयांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने ती उलटी केली. 'मी परकीय नाही' हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. काही ठोस आधार असल्याशिवाय कोणालाही उचलून 'नागरिकत्व सिद्ध कर' म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात बजावले. दुसरीकडे, आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले.

मग नागरिक कोण? १ जुलै १९८७ पूर्वी जो भारतात जन्मला, त्याला ते जन्मस्थान पुरते. त्यानंतर जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून तर, एक पालक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित असेल, तर येथेच जन्मलेले मूल नागरिक ठरत नाही. म्हणजे एकाच खोलीत बाप भारतीय आणि लेकरू परके! मी स्वतः १९८७ नंतरचा. माझे नागरिकत्व आईच्या त्या नसलेल्या कागदावर उभे आहे.

संशय कागद पाहून नव्हे, भाषा, धर्म आणि झोपडी पाहून येतो. १९९८ मध्ये मुंबईतून बंगाली मुसलमानांना 'बांगलादेशी' म्हणून रेल्वेने हावड्याकडे नेण्यात आले, तेव्हा उलुबेरियाच्या लोकांनी गाडी अडवली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. आधी हद्दपारी, मग चौकशी, हा कोणता न्याय?

सीमा राखण्याचा राज्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. पण जन्मावरून माणसाला संशयित ठरवण्याची रीत आपल्याला नवी नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांच्या पाळण्यातल्या मुलांवरही तोच शिक्का मारला होता. पालावर जन्मलेल्याने जन्मदाखला कोठून आणायचा? आणि बाबासाहेब १९४६ मध्ये बंगालमधूनच संविधान सभेवर निवडून गेले होते. त्या बंगालचा पूर्वेकडचा भाग फाळणीत पाकिस्तानात गेला. एका रेघेने तेथला दलित परका झाला.

अटकेची कारणे कळणे, वकील मिळणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहणे हे हक्क संविधानाच्या २२ व्या कलमाने 'नागरिका'ला नव्हे, 'व्यक्ती'ला दिले आहेत. वस्तीत गाडी येईल तेव्हा हे सांगायला आपण तेथे असले पाहिजे. आज ती गाडी शेजारच्या चाळीपुढे उभी आहे, एवढाच फरक आहे.