रूळ कुणाचे, गाडी कुणाची? (भाग ९) : दुपारचा ब्लॉक

चिंचवडच्या मालधक्क्यावर मोटारी रेकमध्ये कशा चढवतात, ते या भागात येणार होते. ते पुढे ढकलले आहे, कारण मध्येच तळेगावहून एका वाचकाचे पत्र आले. हे गृहस्थ दुसऱ्या पाळीला चिंचवडला जातात. दुपारी निघावे म्हटले तर लोकलच नाही, आणि पाळी काही लोकलसाठी थांबत नाही. त्यांचा प्रश्न सरळ आहे : रेल्वेला आम्ही दिसत नाही का?

दिसतात. पण त्या वेळी रूळ दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात असतात.

पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ रोजी सुरू झाली. अंतर जेमतेम चौसष्ट किलोमीटर आणि मार्गिका दोन. गंमत अशी, की कर्जत ते लोणावळा हा चढाचा घाट तीन मार्गिकांचा आहे. घाट संपून सपाटी लागली की दोनच उरतात. डेक्कन क्वीन, सिंहगड, दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल या सगळ्यांना त्याच दोन. सकाळचा मुंबईकडचा लोंढा ओसरल्यावर आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी दुपारी थोडी फट राहते. ती देखभालीसाठी राखलेली असते. रेल्वेच्या भाषेत कॉरिडॉर ब्लॉक. २०२४ च्या सुरुवातीला प्रवाशांच्या मागणीवरून दुपारची लोकल पुन्हा सुरू झाली, तरी भगदाड पुरते बुजलेले नाही.

ब्लॉक म्हणजे नुसते गाड्या थांबवणे नव्हे. इंजिनियरिंगचा माणूस स्टेशनमास्तरकडे मागणी करतो, स्टेशनमास्तर कंट्रोलरला विचारतो, परवानगीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबरांची देवाणघेवाण होते आणि मगच मार्गिका बंद होते. वायरचे काम असेल तर वीज तोडायची, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लटकवायचे, मग वायरच्या दुरुस्तीची टॉवर वॅगन पुढे न्यायची. खडी ठोकणारे टॅम्पिंग मशीन सायडिंगमधून निघून जागेवर पोहोचेपर्यंत घड्याळ चालूच असते. परतताना तेच. वर मार्ग सुरक्षित असल्याचे लिहून द्यायचे, तेव्हा कुठे पहिली गाडी बहुधा वेगमर्यादा पाळत सुटते. दोन तास मिळाले तरी हाती दोन तास पडत नाहीत. एखादी लांबची गाडी उशिरा धावत असली की ब्लॉक तेवढाच आखडतो, आणि ब्लॉक लांबला की शिव्या लोकलवाल्यांच्या वाट्याला.

यात एक मेख आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. दुपारची वेळ गाड्या चालवणाऱ्या ऑपरेटिंग खात्याला सोयीची, रुळांना नव्हे! लांबच लांब जोडलेला रूळ उन्हात दाबाखाली असतो. अशा वेळी खालची खडी सैल केली तर तो बाजूला वाकू शकतो, म्हणून टॅम्पिंगला रुळाच्या तापमानाची मर्यादा घातलेली आहे. एप्रिल-मेच्या दुपारी रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. इंजिनियरला तेव्हा पहाट हवी असते; ट्रॅफिकवाला पहाटेच्या गाड्यांची यादी पुढे करतो. दोघांचे म्हणणे खरे, आणि दोघांचा पगार एकाच खजिन्यातून. हा खात्याखात्यांतला दुरावा मोडण्यासाठीच केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१९ मध्ये रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करायला मंजुरी दिली.

युरोपात ही भांडणे दोन वेगळ्या संस्थांमध्ये होतात. स्वीडनने १९८८ मध्ये रूळ आणि गाड्या वेगळ्या केल्या. १९९१ च्या युरोपीय निर्देशाने निदान दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायला लावले. ब्रिटनमध्ये रूळ नेटवर्क रेलकडे. त्यांनी नियोजित कामासाठी मार्ग बंद ठेवला, तर गाड्या चालवणाऱ्या कंपनीला ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते, आणि सूचना जितकी आधी दिली तितकी ती कमी होते. आधी सांगण्याला तिथे रोख किंमत आहे.

आपल्याकडे २०२३ मध्ये रेल्वेच्या सामान्य नियमांत दुरुस्ती होऊन ‘रोलिंग ब्लॉक’ आला : कामांचा आराखडा ५२ आठवडे आधीपर्यंत आखून तो पुढे सरकवत राहायचा. कल्पना चांगलीच आहे. पण ब्लॉक ऐन वेळी बदलला तर ना तळेगावच्या पाळीवाल्याला काही मिळते, ना खासगी रेक चालवणाऱ्याला. रेकवाल्याचेच बघा : मोटारी बनवणाऱ्या चाकणला रेल्वे नाही. तिथली मोटार रेल्वेने जायची तर आधी ट्रेलरवरून मालधक्क्यावर आणावी लागते. पुढे वॅगन ऑपरेटरची, इंजिन आणि गार्ड रेल्वेचे. हॉलेज, म्हणजे रेक ओढण्याचे भाडे, भरूनही पोहोचण्याच्या वेळेची हमी नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे-लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला हिरवा कंदील दाखवला. चार झाल्या की एक बंद ठेवून बाकीच्या तिन्हींवर गाड्या सोडता येतील. अर्थात मार्गिका दुप्पट झाल्या की खडी, वायर आणि पॉइंटही त्याच मानाने वाढतील, आणि ब्लॉक मागणाऱ्यांची रांगही.