मतदान कार्ड हरवलं तरी मत देता येतं, पण यादीत नाव हवंच! केंद्रावर नेमकं काय चालतं, काय नाही?

निवडणूक आली की गावोगावी एकच चर्चा सुरू होते. कुणाचं कार्ड पेटीत सापडत नाही, कुणाच्या कार्डावर नाव चुकलेलं, तर कुणी म्हणतं, "कार्ड आहे ना, मग झालं." प्रत्यक्षात मतदान केंद्रावर दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या जातात. एक, त्या केंद्राच्या यादीत तुमचं नाव आहे का. दोन, समोर उभा असलेला माणूस तोच आहे का. पहिली गोष्ट नसेल तर हातात कार्ड असूनही मत देता येत नाही. दिवसभराची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं आणि दारातून परत फिरायचं, ही वेळ बहुतेकांवर यामुळेच येते.

कार्ड नसेल तर हे 12 पुरावे

फोटो असलेलं मतदार ओळखपत्र देण्याचा निर्णय निवडणूक आयोगाने 1993 मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना घेतला. आजही पहिला मान त्याच कार्डाला आहे. पण ते जवळ नसेल, तर 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत आयोगाने पुढील 12 पैकी कोणताही एक पुरावा मान्य केला होता :

• आधार कार्ड
• मनरेगाचं जॉबकार्ड
• बँक किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक
• कामगार मंत्रालयाच्या योजनेतलं आरोग्य विमा स्मार्टकार्ड
• ड्रायव्हिंग लायसन्स
• पॅनकार्ड
• राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीअंतर्गत दिलेलं स्मार्टकार्ड
• पासपोर्ट
• फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं
• केंद्र, राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं फोटो असलेलं नोकरीचं ओळखपत्र
• खासदार, आमदारांचं अधिकृत ओळखपत्र
• दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड

रेशनकार्ड या यादीत नाही. गावात ते सगळ्या कामांना लागतं, म्हणून अनेक जण तेच घेऊन केंद्रावर येतात. पासबुकाचंही तसंच. यादीत बँक आणि पोस्ट एवढाच उल्लेख आहे, पतसंस्थेचा नाही. पासबुकावर फोटो नसेल तर तेही उपयोगाचं नाही.

चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे

बीएलओ घरी आणून देतात ती मतदार चिठ्ठी आणि केंद्राबाहेर पक्षांच्या टेबलावर मिळणारी चिठ्ठी, दोन्हींचा उपयोग एवढाच की यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चटकन सापडतो. 2019 पासून नुसत्या मतदार चिठ्ठीवर मतदान करता येत नाही. सोबत ओळखीचा पुरावा लागतोच.

मोबाईलमधल्या फोटोवर किंवा झेरॉक्सवर विसंबू नका. मोबाईल केंद्राच्या आत नेता येत नाही, त्यामुळे त्यातलं आधार दाखवणार कुठे? मूळ कार्डच खिशात ठेवलेलं बरं.

नावात चूक, माहेरचं कार्ड

कार्डावर नावात काना-मात्रेची किंवा स्पेलिंगची किरकोळ चूक असेल तर घाबरायचं कारण नाही. ओळख पटत असेल तर अशा चुकांकडे दुर्लक्ष करावं, असे आयोगाचे निर्देश आहेत. फोटो मात्र जुळत नसेल, तर वरच्या 12 पैकी एक पुरावा दाखवावा लागतो.

लग्न होऊन आलेल्या सुनांचा प्रश्न जवळपास प्रत्येक गावात आहे. कार्ड माहेरच्या मतदारसंघातलं असलं तरी ओळखीसाठी ते चालतं, पण नाव सासरच्या गावच्या यादीत आलेलं असलं पाहिजे. त्यासाठी नमुना 8 भरून पत्ता बदलून घ्यावा लागतो. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही.

आपल्या नावावर आधीच मत पडलं असेल तर?

असं झालं तर भांडण न करता, पण परतही न जाता केंद्राध्यक्षांना सांगावं. ओळख पटल्यावर नियम 49 पी प्रमाणे मतपत्रिकेवर 'प्रदत्त मत' देता येतं. ते यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात सीलबंद राहतं आणि नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही. तरी तक्रार कोर्टात गेली तर त्या मताची नोंद कामी येते. दुसऱ्याच्या नावावर मत देणं हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधीच काय करावं?

यादीत नाव आहे की नाही हे मतदानाच्या दिवशी बघून उपयोग नाही, त्या दिवशी नाव घालता येत नाही. नवीन नावासाठी नमुना 6, दुरुस्ती, पत्ताबदल किंवा हरवलेल्या कार्डासाठी नमुना 8. दोन्ही अर्ज गावच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयात देता येतात, ऑनलाइनही भरता येतात. माहितीसाठी 1950 हा क्रमांक आहे. ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच घरातल्या सगळ्यांची नावं तपासावीत.

ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या वेळी कोणते पुरावे चालतील, याचा आदेश तोच आयोग काढतो. म्हणून लोकसभेला चाललेला कागद तिथेही चालेलच, असं गृहीत न धरता तो आदेश बघून घ्यावा.