खोट जपणारी दुरुस्ती

बंद पडलेला कमोडोर ६४ उघडला की मुरलेला दुरुस्तीवाला मीटरच्या आधी स्वतःचं बोट वापरतो. यंत्र सुरू करायचं, मिनिटभर थांबायचं आणि मेमरीच्या आठ चिपांना एकेक करून हलकेच बोट लावून पाहायचं. सात कोमट लागतात, आठवी चटका देते. बहुधा तीच गेलेली असते.

मूळ गुन्हेगार पुष्कळदा बाहेरच बसलेला असतो, म्हणजे संगणकासोबत आलेला विटेसारखा जड पॉवर सप्लाय. त्याच्या आत इपॉक्सी ओतून सगळं घट्ट बंद केलेलं असतं. उष्णता बाहेर पडत नाही आणि उघडून दुरुस्तही करता येत नाही. म्हातारपणी तो ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडतो आणि आतल्या चिपा भाजून काढतो.

हा घरगुती संगणक अमेरिकेत १९८२ साली बाजारात आला. किंमत ५९५ डॉलर, मेमरी ६४ किलोबाइट, प्रोसेसरचा वेग जेमतेम १ मेगाहर्ट्झ. जगभरात सव्वा कोटीच्या आसपास तरी यंत्रं खपली. १९९४मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, पण यंत्रं काही थांबली नाहीत. त्यांवरचे खेळ आणि त्यांचं संगीत यांवर जीव असलेली माणसं आजही ती चालू ठेवतात. प्रश्न एवढाच, की गेलेला भाग आणायचा कुठून?

मेमरीची चिप मिळते. ती त्या काळी अनेक कंपन्या बनवत, त्यामुळे जुन्या साठ्यात अजून सापडते. खरा घोर असतो तो कंपनीने फक्त स्वतःसाठी घडवलेल्या चिपांचा.

त्यातली एक पीएलए. ही यंत्रातली चौकातली पोलीस. प्रोसेसरने एखादा पत्ता उच्चारला, की उत्तर मेमरीने द्यायचं, की आवाजाच्या चिपेने, की बाहेरून खोचलेल्या कार्ट्रिजने, हे ती ठरवते. ती गेली की पडदा कोरा. पण तिचं काम कागदावर मांडून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. तिच्यात १६ तारा येतात आणि ८ बाहेर पडतात. प्रत्येक तारेवर हो किंवा नाही. म्हणजे तिच्यावर येऊ शकणारे प्रसंग एकूण ६५,५३६. त्याहून एकही जास्त नाही. मग कुणीतरी विचार केला, की ही चिप पुन्हा घडवायची कशाला? सगळ्या प्रसंगांची उत्तरं ईप्रॉम नावाच्या साध्या साठवणीच्या चिपेत लिहून टाकू. हे उत्तरांचं पुस्तक भरतं बरोबर ६४ किलोबाइट. अख्ख्या संगणकाची जेवढी मेमरी, तेवढंच!

बहुतेक खेळ याने चालू होतात. काही कार्ट्रिजेस मात्र अडखळतात. उत्तरं तर सगळी बरोबर आहेत, मग बिनसतं कुठे? एका उत्तरावरून दुसऱ्यावर जाताना ईप्रॉम काही नॅनोसेकंद भलतंच काहीतरी पुटपुटते. जुनी चिप तसं करत नव्हती. बदली भागाला उत्तर पाठ असून भागत नाही, ते द्यायची ढबही उचलावी लागते.

आणि ढबीचा कळस म्हणजे सिड, बॉब यानस यांनी घडवलेली आवाजाची चिप. तीन स्वर एकाच वेळी काढणारी. तिच्यातलं फिल्टर ॲनलॉग आहे, म्हणजे त्यात हो-नाहीचा हिशेब नाही, वाहत्या विजेचे चढउतार आहेत. कारखान्यातून निघालेल्या दोन चिपांची फिल्टरं कधी तंतोतंत जुळली नाहीत. एकच धून एका यंत्रावर खणखणीत, तर दुसऱ्यावर दबलेली. आजही हिच्या नावाने नकली चिपा विकल्या जातात, दुसऱ्याच चिपेवरचं नाव घासून वर नवं छापलेल्या. ॲसिटोनचा बोळा फिरवला की पुष्कळदा ते नाव कापसावर उतरतं.

या सिडमध्ये एक खोट होती. आवाज कमीजास्त केला की टक् असं वाजायचं. आवाजाच्या पायऱ्या फक्त १६. पण ही पायरी सेकंदात हजारो वेळा बदलली, तर ते टक् टक् एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून ढोल वाजतो, माणूस बोलतो! प्रोग्रामरांनी ही खोट हेरली आणि तीन स्वरांच्या चिपेला चौथा गळा फुटला. पुढे कंपनीने सुधारित सिड काढली. तिच्यात टक् जवळजवळ नाहीसं झालं. चिप सुधारली, आणि जुन्या खेळांतला ढोल पुटपुटू लागला.

म्हणून आता सिडची नक्कल करायची ती दोषांसकट. हौशी अभ्यासकांनी मूळ चिपेचं आवरण आम्लाने विरघळवलं, आतल्या नक्षीचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि फिल्टर कुठे वाकडं चालतं ते शोधलं. आज सिडच्या जागी बसणाऱ्या २८ पायांच्या छोट्या पट्ट्या मिळतात. त्यांच्यावरचा इवलासा प्रोसेसर अख्ख्या कमोडोरहून कैक पटींनी वेगवान असतो. तो सगळा वेग खर्ची पडतो जुन्या चिपेसारखं चुकण्यात. काही पट्ट्या तर विचारतात, जुनी सिड हवी की सुधारित?

ज्यांच्याकडे खरीखुरी सुधारित सिड आहे, त्यांचा उपाय याहून साधा. चिपेच्या एका पायाला ते एक रेझिस्टर डाखतात. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावावी तसा. रुपया-दोन रुपयांचा तो तुकडा कंपनीने काढून टाकलेली खोट परत आणतो, आणि ढोल पुन्हा कडाडतो.