टेप बदलली का? आठवण संगणकालाच करू द्या

सायंकाळचे साडेसहा. लोकल गाठण्याच्या घाईत संगणक विभागातील कर्मचारी कार्यालयातून बाहेर पडतो. बॅकअपची टेप बदलायची राहिली, हे त्याच्या ध्यानात येते ते थेट ठाणे सोडल्यावर. मध्यरात्री बॅकअपचे काम ठरल्या वेळी सुरू होते. पण यंत्रात टेप मात्र कालचीच असते. मग दोहोंपैकी एक घडते. सॉफ्टवेअर योग्य टेपची वाट पाहत सकाळपर्यंत ताटकळते किंवा कालच्या टेपवरच आजची माहिती लिहून जुनी प्रत पुसून टाकते. जुनी फाइल परत मागण्याची वेळ येईपर्यंत या चुकीचा कोणालाही पत्ता लागत नाही.

टेप अजूनही का?

क्लाऊडच्या काळात टेप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या एलटीओ टेपमध्ये १०० जीबी माहिती मावत असे. २०२१ मधील नवव्या पिढीच्या टेपमध्ये १८ टीबी मावते. शिवाय यंत्रातून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत खंडणीखोर व्हायरस पोहोचू शकत नाही. मात्र त्यासाठी टेप यंत्रातून बाहेर निघायला हवी आणि हेच एक काम माणसाच्या हाती उरते.

आजोबा, वडील, मुलगा

बहुतेक ठिकाणी टेप आळीपाळीने वापरण्याची 'आजोबा-वडील-मुलगा' ही पद्धत आढळते. सोमवार ते गुरुवार रोजच्या चार टेप म्हणजे 'मुलगे'. शुक्रवारच्या साप्ताहिक चार टेप म्हणजे 'वडील'. आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी लावायच्या बारा मासिक टेप म्हणजे 'आजोबा'. अशा एकूण २० टेपमधून आज नेमकी कोणती लावायची, हे रोज डोक्यात ठेवणे कठीण. संगणकाला मात्र ते सोपे जाते.

लिनक्स व युनिक्स प्रणालींत 'क्रॉन' नावाची सोय असते. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच रकान्यांत वेळ लिहून ठेवली की क्रॉन त्या वेळी नेमून दिलेले काम करतो. सोमवार ते शुक्रवार दुपारी चार वाजता स्मरणपत्र हवे असेल, तर पहिल्या रकान्यात ०, दुसऱ्यात १६ आणि वाराच्या रकान्यात १ ते ५ असे लिहायचे. उरलेल्या दोन रकान्यांत तारेचे चिन्ह. विंडोजमध्ये हेच काम 'टास्क शेड्युलर' करतो.

'शेवटचा शुक्रवार' मात्र क्रॉनला थेट सांगता येत नाही. त्यावर युक्ती साधी आहे. आजच्या तारखेत सात दिवस मिळवल्यावर महिना बदलत असेल, तर आजचा शुक्रवार शेवटचा. ही तपासणी छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहिली की संदेशात टेपचे नेमके नावच देता येते.

नुसती आठवण पुरेशी नाही

रोज त्याच वेळी येणारा तोच संदेश काही दिवसांनी न वाचताच पुसला जातो. म्हणून आठवणीला तपासणीची जोड हवी. बॅकअप सॉफ्टवेअर प्रत्येक टेपच्या आरंभी तिचे नाव लिहून ठेवते. प्रोग्रॅमने ते वाचावे. टेप चुकीची असेल तर पाच वाजता पुन्हा संदेश धाडावा आणि सहा वाजता वरिष्ठांच्या मोबाइलवर एसएमएस करावा. संदेश एकाच व्यक्तीला न पाठवता विभागाच्या सामाईक पत्त्यावर पाठवावा, म्हणजे कोणी रजेवर असले तरी काम अडत नाही. सुट्ट्यांची यादीही प्रोग्रॅमला द्यावी. नाहीतर गणेशचतुर्थीच्या दिवशी रिकाम्या कार्यालयात संदेश येत राहतील. सकाळी काम पूर्ण होताच टेप आपोआप बाहेर यावी, अशीही सोय करता येते. यंत्रातून डोकावणारी टेप हीच एक आठवण ठरते.

शांतता म्हणजे खुशाली नव्हे

३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीतील अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसमधील माहिती चुकून पुसली गेली. बॅकअप शोधू लागताच रोजची प्रत तयारच होत नसल्याचे उघड झाले. तिथे टेपचा संबंध नव्हता. धडा मात्र तोच. अपयशाची सूचना देणारे ईमेल प्रणाली पाठवत होती, पण ते वाटेतच नाकारले जात होते. तक्रार येत नाही म्हणजे सारे ठीक, असाच सर्वांचा समज होता. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने हाती लागली, तरी मधल्या काळातील नोंदी गेल्याच.

म्हणून 'टेप योग्य, बॅकअप पूर्ण' हा संदेशही रोज सकाळी यायला हवा. तो आला नाही की लगेच चौकशी करावी. आपल्याकडे २०२२ मधील दुरुस्तीनंतर कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले आहे. टेप ही त्यापलीकडची जादा ढाल. मात्र ती खरोखर उपयोगी पडते का, हे अधूनमधून एखादी फाइल टेपवरून परत उतरवून पाहिल्याखेरीज कळणार नाही. त्या तपासणीची आठवणही क्रॉनमध्ये आजच लिहून ठेवलेली बरी!