आठ खेळाडूंचा हंगाम



मुंबईच्या नागपाडा भागात संध्याकाळी गेलात, तर मैदानावर मुले बास्केटबॉल खेळताना दिसतील. या वस्तीत हा खेळ कित्येक पिढ्यांपासून खेळला जातो. भारतीय संघाचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे इथलेच. तुमच्यापैकी काहींच्या शाळेतही या खेळाचे मैदान असेल. दोन टोकांना दोन खांब, खांबावर फळी, फळीला दहा फूट उंचीवर लोखंडी कडे आणि कड्याला जाळी. चेंडू वरून त्या कड्यातून खाली आला, की गुण मिळतात. खेळ दिसायला इतका सोपा आहे.

आज आपण या खेळातील एका संघाची माहिती घेऊ. हा संघ मुलींचा होता. तो अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयाचा होता आणि त्याचा १९७१-७२ चा हंगाम आजही आठवला जातो.

'हंगाम' हा शब्द तुम्ही आंब्याच्या किंवा पेरणीच्या बाबतीत ऐकला असेल. खेळाचाही हंगाम असतो. अमेरिकेत महाविद्यालयांचे बास्केटबॉल सामने हिवाळ्यात होतात. आधी आसपासच्या महाविद्यालयांशी एकेक सामना होतो. मग विभागीय स्पर्धा होते आणि शेवटी, मार्च महिन्याच्या सुमारास, निवडक संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. शेतकरी जसा पीक घरी येईपर्यंत निश्चिंत होत नाही, तसेच खेळाडूंचेही असते.

हा हंगाम समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक तिथे व्यायाम शिकवत. थंडीच्या दिवसांत मुलांना बंद इमारतीत खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी सज्जाला पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. टोपलीला बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला, की कुणीतरी वर चढून तो काढावा लागे. टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणतात, म्हणून हा बास्केटबॉल.

थोड्याच दिवसांत मुलींनीही हा खेळ उचलला. सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने जवळच्याच स्मिथ महाविद्यालयात मुलींना तो शिकवला. तेथील मुलींच्या दोन वर्गांचा सामना १८९३ च्या मार्चमध्ये झाला. या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्या काळी अनेकांना वाटे, की फार धावल्याने मुलींची प्रकृती बिघडेल. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे नियम केले गेले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येक खेळाडूने आपल्याच भागात राहायचे असे ठरले. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावण्यासही बंदी होती. पुढे या नियमांत पुष्कळ बदल झाले. तरीही मुलींचा खेळ मुलांच्या खेळापेक्षा निराळाच राहिला. मुले पाच जण मिळून सगळ्या मैदानावर धावत. मुली मात्र सहा असत आणि त्यांतील बहुतेकींना अर्ध्या मैदानावरच थांबावे लागे. पाच खेळाडूंनी पूर्ण मैदानावर खेळण्याचा नियम महाविद्यालयीन मुलींना मिळाला तो १९७१ मध्ये. म्हणजे त्यासाठी जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली!

आता आपण आपल्या संघाकडे वळू. पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहराजवळ इमॅक्युलाटा हे महाविद्यालय होते. ख्रिस्ती धर्मभगिनींनी, म्हणजे नन्सनी, ते १९२० मध्ये मुलींसाठी स्थापन केले. त्या काळी महाविद्यालय लहान होते आणि पैसा बेताचा होता. त्यातच १९६७ मध्ये आग लागून खेळाची इमारत जळून गेली. त्यामुळे संघाला स्वतःचे म्हणावे असे मैदान राहिले नाही. प्रत्येक सामन्यासाठी दुसऱ्यांच्या दारी जावे लागे.

१९७० मध्ये कॅथी रश या संघाच्या प्रशिक्षक झाल्या. त्या वेळी त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. वर्षाचे मानधन होते ४५० डॉलर. त्या काळीसुद्धा एवढ्या पैशांत घर चालणे शक्य नव्हते. पण कॅथीबाईंना खेळाची चांगली जाण होती. मुलांचे संघ कसे खेळतात हे त्या बारकाईने पाहत आणि तेच डावपेच मुलींना शिकवत. प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळाला, की आपल्या कड्याजवळ येण्याची वाट पाहायची नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकापासूनच त्याला घेरायचे. यासाठी दम लागतो, पाय लागतात आणि पाचही जणींचे एकमेकींवर लक्ष असावे लागते. "मुलींना हे जमणार नाही," असे कॅथीबाईंनी मानले नाही.

संघातील उंच आणि सर्वांत कुशल खेळाडू होती थेरेसा शँक. ती खरे तर दुसऱ्या एका दूरच्या महाविद्यालयात शिकायला जाणार होती. परंतु तिचे घर आगीत भस्म झाले आणि कुटुंबाजवळ राहता यावे म्हणून तिने जवळच्या इमॅक्युलाटात नाव घातले. कॅथीबाईंच्या पहिल्या वर्षी संघ चांगला खेळत होता. तेवढ्यात थेरेसाच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि तो हंगाम अर्ध्यावरच फिका पडला.

दुसरे वर्ष म्हणजे १९७१-७२. मुलींचे झगे जाड लोकरी कापडाचे, निळ्या रंगाचे आणि चुण्यांचे होते. असा झगा घालून तासभर धावून पाहा, म्हणजे कल्पना येईल! पण संघ एकामागून एक सामने जिंकत गेला. महाविद्यालयातील नन्स सामने पाहायला येत. एका खेळाडूच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ते दुकानातून बादल्या घेऊन आले. मग नन्स आणि पालक मिळून त्या बादल्या बडवीत आणि सारी इमारत दुमदुमून जाई. प्रार्थनेत शांत बसणाऱ्या या भगिनींना अशा रूपात पाहून प्रतिस्पर्धी गोंधळून जात असतील, यात नवल नाही.

असे करत संघ विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर होता वेस्ट चेस्टरचा संघ. हे महाविद्यालय जवळचेच, पण त्याचे नाव मोठे होते. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी ती एक नामवंत संस्था होती आणि आदल्या वर्षी तिचा संघ देशात दुसरा आला होता. विशेष म्हणजे कॅथीबाई स्वतः तिथेच शिकलेल्या होत्या. या सामन्यात इमॅक्युलाटाचा दारुण पराभव झाला. तीसहून अधिक गुणांनी त्या हरल्या.

विचार करा. सारा हंगाम जिंकत आलेल्या मुली एका दिवसात एवढ्या फरकाने हरतात, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? "आपण लहान संघ. इथवर आलो हेच पुष्कळ झाले," असे म्हणून त्या घरी बसल्या असत्या, तर त्यांना कुणी नावे ठेवली नसती.

पण विभागात दुसरे आल्यामुळे त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली. महिला महाविद्यालयांच्या खेळांसाठी नवी देशव्यापी संघटना स्थापन झाली होती आणि तिची ही पहिलीच बास्केटबॉल स्पर्धा होती. इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी मार्च १९७२ मध्ये सोळा संघ जमणार होते. कोणता संघ किती बलवान याचा अंदाज घेऊन स्पर्धेत क्रम लावतात. त्याला मानांकन म्हणतात. सोळा संघांत इमॅक्युलाटाचे मानांकन होते पंधरावे.

खरी अडचण पुढेच होती. इलिनॉय दूर होते आणि प्रवासाला पैसे नव्हते. मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून पैसे जमवायला सुरुवात केली. नन्सनी आणि हितचिंतकांनी मदत केली. तरीही सगळ्या संघाचा खर्च निघेना. शेवटी आठच खेळाडूंनी जायचे ठरले. बाकीच्या मुलींना मागे राहावे लागले. वर्षभर त्यांनीही तितकाच घाम गाळला होता, हे आपण विसरता कामा नये. ज्या आठ जणी निघाल्या, त्यांच्याकडेही विमानाची पक्की तिकिटे नव्हती. ऐनवेळी जागा रिकामी राहिली तरच बसायला मिळेल, अशी कमी दराची तिकिटे घेऊन त्या निघाल्या.

राष्ट्रीय स्पर्धेत एकदा हरले की विजेतेपदाची संधी संपते. पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसरा त्या केवळ दोन गुणांनी जिंकल्या. तिसऱ्या, म्हणजे उपान्त्य सामन्यात समोर मिसिसिपीचा संघ होता. आदल्या वर्षीचे विजेतेपद त्याच्याकडे होते. इमॅक्युलाटाने त्याला तीन गुणांनी हरवले. दोन गुण, तीन गुण म्हणजे जेमतेम एक-दोन वेळा चेंडू कड्यातून जाण्याचा फरक. अशा वेळी एक चुकीची फेकसुद्धा महागात पडते.

आणि अंतिम सामन्यात समोर कोण होते? पुन्हा वेस्ट चेस्टर! ज्या संघाने त्यांना नुकतेच धूळ चारली होती, तोच संघ. या वेळी मात्र इमॅक्युलाटाच्या मुली खचल्या नाहीत. ५२ विरुद्ध ४८ अशा गुणांनी त्यांनी सामना जिंकला. पंधराव्या मानांकनाचा संघ देशात पहिला आला. संपूर्ण हंगामात चोवीस विजय आणि एकच पराभव, असा त्यांचा हिशेब झाला. त्या परतल्या, तेव्हा फिलाडेल्फियाच्या विमानतळावर त्यांच्या स्वागताला शेकडो लोक जमले होते.

मित्रांनो, या विजयानंतर तीनच महिन्यांनी, जून १९७२ मध्ये, अमेरिकेत एक महत्त्वाचा कायदा झाला. 'टायटल नाइन' या नावाने तो ओळखला जातो. केंद्र सरकारकडून पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही, असे या कायद्याने ठरवले. हा कायदा इमॅक्युलाटामुळे झाला असे नाही. पण मुलींना मैदान, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च का मिळावा, याचे उत्तर त्या आठ जणींनी आधीच देऊन ठेवले होते.

इमॅक्युलाटाने १९७३ आणि १९७४ मध्येही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विख्यात सभागृहात त्यांचा सामना झाला, तेव्हा सुमारे बारा हजार प्रेक्षक आले होते. १८९३ मध्ये पुरुष प्रेक्षकांना दाराबाहेर ठेवून झालेला मुलींचा सामना आणि हा सामना, यांच्यातील अंतर किती मोठे आहे ते तुमच्या लक्षात येईल.

पुढची गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुलींच्या खेळाला मान मिळू लागला, तशी मोठी विद्यापीठे त्यात पैसा घालू लागली. चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. लहान इमॅक्युलाटाला ही बरोबरी करणे जमले नाही. १९७५ आणि १९७६ मध्ये अंतिम सामन्यात त्यांना हार पत्करावी लागली आणि त्यानंतर त्या पहिल्या रांगेतून मागे पडल्या. जी वाट त्यांनी पाडली, त्या वाटेने इतर जण पुढे निघून गेले. परंतु त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. त्या संघातील काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. थेरेसाने तर १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला प्रशिक्षण दिले. स्प्रिंगफील्ड येथे, जिथे हा खेळ जन्मला, तिथे बास्केटबॉलचे एक सन्मान-दालन आहे. नेस्मिथ यांचे नाव त्याला दिलेले आहे. २००८ मध्ये कॅथी रश यांना आणि २०१४ मध्ये त्या साऱ्या संघाला तिथे मानाचे स्थान मिळाले.

या हंगामातून आपण काय घ्यायचे? जिंकणे सर्वांच्याच वाट्याला येत नाही. सोळा संघांतून एकच पहिला येतो. पण पराभव झाल्यावर पुन्हा मैदानात उतरायचे की नाही, हे आपल्या हातात असते. विभागीय स्पर्धेत हरलेल्या त्या मुलींनी पुढच्या स्पर्धेला जाण्यासाठी ब्रश विकले, ही गोष्ट मला त्यांच्या विजयाइतकीच मोठी वाटते.

तुमच्या शाळेत किंवा मोहल्ल्यात एखादी मुलगी चेंडू घेऊन मैदानावर आली, तर तिला जागा करून द्या. आणि ती मुलगी तुम्ही स्वतः असाल, तर हिंमत सोडू नका. बादल्या वाजवणारे कुणी ना कुणी भेटतेच.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बास्केटबॉल हे नाव कशावरून पडले?
(आ) इमॅक्युलाटा महाविद्यालय कोणी स्थापन केले?
(इ) राष्ट्रीय स्पर्धेला आठच खेळाडू का गेल्या?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलींच्या बास्केटबॉलचे जुने नियम कसे होते? ते तसे का केले गेले?
(आ) इमॅक्युलाटा पुढे मागे का पडले?

३. वाक्यांत उपयोग करा.
घाम गाळणे, धूळ चारणे, नावे ठेवणे, हार पत्करणे.

४. तुमच्या शाळेच्या एखाद्या संघाला स्पर्धेसाठी परगावी जायचे आहे, पण पैसे कमी आहेत. तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.