विश्लेषण : लाखोळीची डाळ आणि ताठरलेले पाय... मज्जासंस्थेची नेमकी कोणती तार तुटते?

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी लाखोळी कुणाला गरिबाचे प्रथिन वाटते, तर कुणाला पाय निकामी करणारे विष. या डाळीवर देशात बंदी आली, महाराष्ट्रात ती उठली, तरी वाद पूर्णपणे मिटलेला नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी आधार आहे. तो समजून घ्यायचा तर आधी मेंदूचा हुकूम पायापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहावे लागेल.

लाखोळी म्हणजे काय?

लाखोळी किंवा लाखोरी हे कडधान्य उत्तर भारतात खेसारी, तर छत्तीसगडात तिवरा म्हणून ओळखले जाते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात ते प्रामुख्याने उतेरा पद्धतीने घेतात. धान कापणीला येण्याआधीच बांधीतल्या ओलीवर बी फेकले जाते. नांगरणी नाही, खत नाही, पाणी देणे नाही. जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर पीक येते. दाण्यात साधारण पाव हिस्सा प्रथिने असतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, उरलेला भाग गुरांना जातो. दाण्याचा आकार कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा व कोनदार असतो. डाळ केल्यावर मात्र ती तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत सहज मिसळून जाते, म्हणूनच तुरीत आणि बेसनात तिची भेसळ होत आली.

मेंदूचा हुकूम पायापर्यंत कसा जातो?

माणसाच्या मज्जासंस्थेचे दोन भाग. मेंदू आणि मज्जारज्जू ही मध्यवर्ती संस्था. त्यांच्यापासून शरीरभर पसरलेल्या नसा म्हणजे परिघीय संस्था. मेंदूतून १२ आणि मज्जारज्जूतून ३१ जोड्या नसा निघतात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू असतो, त्यावरून विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपाने संदेश धावतो. चरबीचे वेष्टण असलेल्या जाड तंतूत हा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही वर जातो. तंतूच्या टोकाला पोहोचल्यावर विजेचे काम संपते. तिथे रसायनाचे थेंब सुटतात आणि पुढची पेशी जागी होते.

चालण्याच्या हुकमासाठी मुख्यतः दोन चेतापेशींची साखळी लागते. पहिली, म्हणजे ‘वरची’ पेशी मेंदूच्या पृष्ठभागावरील हालचालींच्या पट्टीत असते. तिचा तंतू मेंदूच्या देठात उतरतो, तिथे बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मज्जारज्जूतून कमरेच्या दिशेने खाली येतात. उजव्या पायाचा हुकूम डाव्या मेंदूतून सुटतो तो यामुळेच. मज्जारज्जूत ‘खालची’ पेशी हा निरोप घेते आणि आपल्या तंतूवरून थेट पोटरी-मांडीच्या स्नायूपर्यंत नेते.

वरची पेशी फक्त हुकूम देत नाही, लगामही धरते. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, ती क्रिया मज्जारज्जूतच घडते. तिला मेंदूची परवानगी लागत नाही. पण ती किती जोरात व्हावी, स्नायू किती ताणलेला राहावा, यावर वरून येणाऱ्या तंतूंचे नियंत्रण असते.

लाखोळीमुळे नेमके काय बिघडते?

लाखोळीमुळे होणाऱ्या आजाराला वैद्यकात लॅथिरिझम म्हणतात. बोलीत आपण ‘पाय लुळे पडले’ म्हणतो, प्रत्यक्षात ते लुळे पडत नाहीत, ताठतात. कारण इथे वरची पेशी आणि तिचा तंतू बाधित होतो, खालची पेशी बहुतेक शाबूत राहते. हुकूम क्षीण होतो आणि लगामही सुटतो. पोटऱ्या आखडतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, माणूस चवड्यांवर चालतो. मांड्या आत ओढल्या जाऊन चालताना पायांची कात्री होते.

डॉक्टर या रुग्णांचे टप्पे काठीवरून मोजत आले आहेत. पहिल्या टप्प्यात काठीशिवाय, पण अडखळत चालणारे. दुसऱ्यात एक काठी लागणारे. तिसऱ्यात दोन काठ्यांवर चालणारे. शेवटी बसून, हातांच्या आधाराने सरपटणारे. बुद्धी, बोलणे, दृष्टी आणि बहुतेकांत स्पर्शाची जाणीव शाबूत असते. डाळ थांबवली की आजार सहसा वाढत नाही, पण गेलेले परतही येत नाही. त्वचेची पेशी नव्याने तयार होते, हाड सांधते. मेंदू आणि मज्जारज्जूतला लांब तंतू एकदा झिजला की पुन्हा वाढून जागेवर जात नाही.

पोलिओ, पक्षाघात आणि लॅथिरिझम यांत फरक कसा ओळखतात?

चालता न येणे हे लक्षण एकच, पण बिघाडाची जागा वेगळी. पोलिओचा विषाणू खालची पेशी मारतो. त्यामुळे पाय सैल पडतो, बारीक होतो आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी उडत नाही. लॅथिरिझममध्ये तोच पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. पक्षाघातात मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते, त्यामुळे बहुधा शरीराची एकच बाजू जाते. लॅथिरिझम दोन्ही पाय धरतो. मधुमेहात नसांच्या दूरच्या टोकांना इजा होते, म्हणून आधी तळपायाला मुंग्या आणि बधिरपणा येतो. बिघाड कुठे आहे याचा अंदाज साध्या रबरी हातोडीनेही येतो तो असा. अर्थात पाठीच्या कण्याचा क्षय, मणक्याचा दाब किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही पाय ताठतात. त्यामुळे केवळ लाखोळी खाल्ली म्हणून निष्कर्ष काढता येत नाही, तपासणी लागते.

डाळीतला दोषी घटक कोणता?

१९६४ मध्ये बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा या संशोधकांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे संक्षिप्त नाव ओडॅप. त्याची घडण ग्लुटामेट या रसायनासारखी असते. मेंदूत एका पेशीने दुसरीला जागे करण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रसायन म्हणजे ग्लुटामेट. ते काम झाले की लगेच आवरले जाते. ओडॅप मात्र त्याच कुलपात किल्लीसारखे बसते आणि दार उघडे ठेवते. दारावरच्या घंटेचे बटण कुणी दाबूनच ठेवावे, तशी पेशी सतत उत्तेजित राहते. आत कॅल्शियम साचते, ऊर्जा संपते आणि पेशी दमून मरते.

शरीर या विषाला काही प्रमाणात तोंड देते. त्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात आणि नेमकी तीच लाखोळीत कमी असतात. तांदूळ, गहू, ज्वारी, तीळ, दूध, अंडी, मासळी यांतून ती मिळतात. म्हणजे ताटात इतर काही असेल तर लाखोळीचा धोका उतरतो, लाखोळीच उरली तर तो चढतो.

दुष्काळाशी या आजाराचे नाते काय?

याचे जुने उदाहरण नागपूरपासून फार दूर नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागाची हकीगत दिली आहे. हा प्रदेश पुढे १८६१ मध्ये, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आला. तिथे १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे तगली ती एकटी लाखोळी. लोक तिच्यावर जगले आणि १८३३ पासून तरुणांचे पाय जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात व्हाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ मुख्य अन्न म्हणून दिली गेली, तिथेही शेकडो जण अपंग झाले.

सर्वत्र सूत्र एकच. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळी आणि तीही सलग दोन-तीन महिने, तेव्हा धोका उभा राहतो. त्यात अंगमेहनत करणारे तरुण पुरुष अधिक सापडतात. एखाद्या वाटीभर वरणाने पाय जात नाहीत.

बंदी कधी आली आणि कशी उठली?

अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांखाली १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. सर्व राज्यांनी तिची अंमलबजावणी सारखी केली नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठवण्यासाठी अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. विदर्भातील लोक ही डाळ खात आले आहेत आणि धडधाकट आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. लाखोळी खाल्ल्या जाणाऱ्या भागात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅथिरिझमचे रुग्ण जवळपास आढळले नाहीत. मात्र लाखोळीचे आहारातले प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच घटल्याचेही त्यातच नोंदले गेले.

दरम्यान कृषी शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक आणि महातिवरा हे कमी ओडॅपचे वाण तयार केले. त्यांत हे प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या तीन वाणांना अनुकूलता दर्शवल्याचे २०१६ च्या सुरुवातीला पुढे आले. अडचण शेतात आहे. परागीभवनातून जुना आणि नवा वाण मिसळू शकतो आणि बाजारातल्या ढिगातला दाणा कोणत्या वाणाचा, हे डोळ्यांना कळत नाही.

मग लाखोळी खावी की नाही?

खायची तर भात किंवा भाकरीसोबत, अधूनमधून आणि इतर डाळींच्या आलटून-पालटून. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे. पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओतून द्यावे. ओडॅप पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचे प्रमाण बरेच उतरते, पण शून्य होत नाही. केवळ लाखोळीच्या पिठाच्या भाकरीवर दिवस काढणे टाळावे. पोटऱ्यांत वारंवार गोळे येणे, पाय जड वाटणे, सकाळी उठताना गुडघे न वाकणे अशी लक्षणे दिसली तर डाळ त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्या, फिजिओथेरपी आणि काठी, एवढाच आधार उरतो.

आज विदर्भात हा आजार दिसेनासा झाला, त्याचे श्रेय बंदीपेक्षा रेशनच्या तांदूळ-गव्हाला आणि ताटात आलेल्या इतर पदार्थांना अधिक द्यावे लागेल. म्हणूनच जिथे धान बुडते आणि उतेऱ्याची लाखोळी तेवढी हाती लागते, त्या वर्षी त्या गावात रेशन वेळेवर पोहोचते की नाही, यावर लक्ष ठेवणे हाच लॅथिरिझमवरचा खरा प्रतिबंध आहे.